माणूस गेल्यावर आधी कोणती कामं?

घरातलं माणूस गेल्यानंतर करायच्या कामांविषयी बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांची घाई पैशांची असते आणि मृत्यूच्या दाखल्याकडे दुर्लक्ष होतं. आमच्या मते क्रम उलटा हवा. पैसे कुठे पळून जात नाहीत, पण दाखल्यातली एक चूक पुढे प्रत्येक खिडकीवर आडवी येते. खालची उत्तरं भारतातल्या नियमांनुसार आहेत. सातबारा आणि गृहनिर्माण संस्थेचा भाग महाराष्ट्रापुरता आहे.

प्रश्न : आई घरीच पहाटे झोपेत गेली. आजार जुना होता, पण त्या वेळी डॉक्टर समोर नव्हते. अशा वेळी पहिला फोन कोणाला करायचा?

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना. श्वास थांबल्याची खात्री नसेल तर मात्र आधी १०८. मृत्यू झाला हे डॉक्टरांनी तपासून सांगायचं असतं, घरच्यांनी ठरवायचं नसतं.

घरी झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टर 'नमुना ४-अ' या फॉर्मवर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतात. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी तोच कागद 'नमुना ४' असतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार या प्रमाणपत्रासाठी पैसे घेता येत नाहीत. डॉक्टर घरी आले त्याची फी वेगळी. कारणाच्या रकान्यात नुसतं 'हृदय बंद पडले' असं लिहिलं असेल तर मूळ आजार लिहिण्याची विनंती करा. हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं. विमा कंपनीला त्यामागचं कारण हवं असतं, आणि ते नसलं की जुने उपचारांचे कागद मागण्याचं सत्र सुरू होतं.

ज्या डॉक्टरांनी रुग्णाला कधी पाहिलेलंच नाही, ते प्रमाणपत्र द्यायला नकार देतील. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचं बरोबर आहे. कारण समजत नसेल, किंवा पडणं, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, अपघात, आत्महत्या यांपैकी काही असेल, तर पोलिसांना कळवावंच लागतं. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पंचनामा करतात (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १७४ होतं) आणि गरज वाटली तर शवविच्छेदनाला पाठवतात. 'उगाच पोलिसांचं लचांड नको' म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून साधा दाखला घेणाऱ्यांची अडचण पुढे होते. अपघाती विम्याच्या दाव्याला पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल हेच मुख्य पुरावे असतात. नंतर ते उभे करता येत नाहीत.

डॉक्टर येईपर्यंत चार गोष्टी करून घ्या. डोळे मिटवा, हनुवटीखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, हातपाय सरळ करा. काही तासांत शरीर ताठरायला लागतं, आणि सुरुवात पापण्या-जबड्यापासून होते. अंगठ्या आणि बांगड्या लगेच काढा, नंतर सूज आली की त्या निघत नाहीत. काढलेले दागिने दोघांसमोर मोजून लिहून ठेवा. कुठल्याही घरात हा वादाचा पहिला विषय ठरू शकतो. छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आणि अंत्यसंस्कार करणाऱ्यांना आठवणीने सांगा. दहनात त्याची बॅटरी फुटते, म्हणून तो आधी काढून घ्यावा लागतो.

नेत्रदान करायचं असेल तर हाताशी साधारण सहा तास असतात. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोकं उशीने थोडं उंच करा आणि जवळच्या नेत्रपेढीला कळवा. पथक घरी येतं आणि वीसेक मिनिटांत काम उरकतं. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया यांमुळे दान अडत नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल, किंवा एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज असेल तर मात्र डोळे घेत नाहीत. देहदान करायचं असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला आधी फोन करा. शवविच्छेदन झालेला देह ते सहसा स्वीकारत नाहीत.

प्रश्न : वडील मुलीकडे राहायला गेले असताना तिथल्या रुग्णालयात वारले. नोंद आमच्या गावी करायची की तिथे? दाखल्यावर नाव कसं हवं?

नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. कायमचा पत्ता तुमच्या गावचा असला तरी गावची ग्रामपंचायत ही नोंद करू शकत नाही. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, घरी झाला असेल तर कुटुंबाची. मुदत २१ दिवस. ती हुकली तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यानंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची परवानगी लागते. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे सारं टाळण्यासाठी आठव्या-दहाव्या दिवशी कोणीतरी चौकशी करून यायला हवं. रुग्णालयाने कळवलं असेलच, असं गृहीत धरू नका.

आता नावाचं. रुग्णालयातलं नाव केसपेपरवरून पुढे जातं, आणि केसपेपर बहुतेकदा दाखल करायच्या धावपळीत कोणी शेजाऱ्याने तोंडी सांगून भरलेला असतो. 'बापू', 'अण्णा' अशी घरातली नावं सरकारी दाखल्यात शिरतात ती याच वाटेने. म्हणून रुग्णालयातून निघताना मृत्यू अहवाल, म्हणजे 'नमुना २', स्वतः वाचा. मृताचं नाव, पती किंवा पत्नीचं नाव, आई-वडिलांची नावं, आधार क्रमांक, कायमचा पत्ता आणि मृत्यूची तारीख-वेळ, एवढं अक्षर न् अक्षर आधार कार्डाशी ताडून पाहा. मध्यरात्रीच्या आसपासचा मृत्यू असेल तर तारीख विशेष पाहा.

सातबारावर 'दत्तू', पासबुकात 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्तात्रेय' असं असेल तर दाखला आधारप्रमाणे घ्या. बाकीच्यांसाठी 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र एकदाच करून ठेवा. दाखल्यात चूक राहिलीच, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ नुसार निबंधक दुरुस्ती करू शकतात. अक्षराची चूक पुराव्यावर सुधारते. पूर्ण नावच वेगळं असेल तर मात्र बरीच ये-जा होते.

पहिला दाखला माहिती देणाऱ्याला मोफत मिळायला हवा. त्याच वेळी आणखी आठ-दहा प्रती शुल्क भरून घ्या. काही ठिकाणी मूळ प्रत पाहून परत देतात, काही ठिकाणी ठेवूनच घेतात, त्यामुळे एका प्रतीवर सगळी कामं एका वेळी चालत नाहीत.

प्रश्न : पतीच्या एटीएमचा पिन मला माहीत आहे. खर्चासाठी थोडे पैसे काढले तर चालेल का?

नाही. खातं चालवण्याचा अधिकार खातेदाराबरोबर संपतो, मग पिन कोणालाही माहीत असो. रक्कम तुमच्याच वाट्याची असली तरी मृत्यूच्या तारखेनंतरची प्रत्येक उचल नोंदीत राहते, आणि दुसऱ्या वारसाने तक्रार केली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. यूपीआयलाही हेच लागू.

खातं दोघांच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं असेल तर गोष्ट वेगळी. मागे राहिलेला खातेदार ते वापरू शकतो. दाखला देऊन मृताचं नाव कमी करून घ्यायचं, इतकंच. पासबुकाच्या पहिल्या पानावर किंवा खातं उघडण्याच्या फॉर्मवर ही पद्धत लिहिलेली असते, आधी ती पाहा. नुसतं 'संयुक्त' लिहिलं असेल आणि हयात राहणाऱ्याचा उल्लेख नसेल, तर वारसांचे कागद लागतात.

निवृत्तिवेतन येत असेल तर बँकेला लवकर कळवा. मृत्यूनंतर जमा झालेले हप्ते बँक परत घेते, आणि ते खर्च झालेले असले की तुमच्याच कुटुंब निवृत्तिवेतनातून वळते होतात. पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश शोधून काढा. त्यावर जोडीदाराचं नाव असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम पुष्कळ सोपं होतं.

प्रश्न : भावाने लग्नाआधी मुदत ठेवीला मला नॉमिनी केलं होतं. आता तो गेला. पैसे माझे की वहिनीचे?

बँक पैसे तुम्हाला देईल, पण मालकी वारसांची. बँकेने नॉमिनीला रक्कम दिली की बँकेची जबाबदारी संपते, नॉमिनीची नाही. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ पासून फरक आहे. आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. भाऊ त्या यादीत नाही.

वारस कोण, याचा गोंधळ पत्रांत फार दिसतो. हिंदू उत्तराधिकार कायदा (तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे) म्हणतो की मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची संपत्ती पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारख्या वाट्याने जाते. लोक आईला विसरतात आणि मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिलाही वगळतात. दोन्ही चूक. वडील पहिल्या वर्गाचे वारस नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. स्त्रीच्या संपत्तीचे नियम वेगळे आहेत आणि मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे कायदेही वेगळे. तिथे हा हिशेब लावू नका.

मृत्युपत्र सापडलं तर ते नोंदवलेलं किंवा मुद्रांक कागदावर नाही म्हणून फेकू नका. साध्या कागदावरचं, करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही असलेलं मृत्युपत्रही चालतं.

प्रश्न : आईच्या खात्याला नॉमिनी नाही. बँक म्हणते कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा. खरंच लागतं का?

रक्कम किती यावर ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार १५ लाखांपर्यंतच्या दाव्याला (सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत) बँकेने सोपी पद्धत वापरायची आहे. दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्रं, हमीपत्र, जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं ना हरकत पत्र, आणि वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या तटस्थ व्यक्तीने वारस कोण हे सांगणारं निवेदन. वारसांत वाद नसेल आणि मृत्युपत्र नसेल तर इतक्यावर काम व्हायला हवं. कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, आणि बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई द्यायची, असं त्यात आहे. म्हणून कागद देताना तारखेच्या शिक्क्याची पोच घ्याच. पोच नसेल तर १५ दिवस कधी सुरू झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

नॉमिनी असेल तर हमीपत्र किंवा वारस दाखला मागण्याचं कारणच नाही. दावा अर्ज, दाखला, ओळखपत्र, संपलं. ठेवीची मुदत बाकी असली तरी मृत्यूमुळे मोडताना दंड लागत नाही.

मर्यादेपेक्षा मोठी रक्कम असेल तर बँक दिवाणी न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागू शकते, आणि वारसांत वाद असेल तर न्यायालयात जावंच लागतं. त्यात जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी वेळ द्यावा लागतो, त्यामुळे काही महिने जातात. अर्ज करण्याआधी सगळ्या ठेवी, शेअर, येणी यांची यादी पूर्ण करा. एखादं खातं राहिलं तर त्यासाठी पुन्हा न्यायालयात जावं लागतं.

प्रश्न : वडिलांनी कुठे काय गुंतवलंय हे कोणालाच माहीत नाही. शोधायचं कसं?

कपाटापेक्षा पासबुक जास्त सांगतं. मागच्या बारा ते पंधरा महिन्यांच्या नोंदी भरून घ्या आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक वजावट वाचा. मे महिन्याच्या आसपास ४३६ रुपये वजा झाले असतील तर ती जीवनज्योती विमा योजना आहे, २ लाखांची. २० रुपये वजा झाले असतील तर सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. या दोन छोट्या रकमा कोणाच्या नजरेत येत नाहीत आणि दावाच होत नाही. दरमहा ठरावीक तारखेला जाणारी रक्कम म्हणजे म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचा हप्ता किंवा कर्ज. वर्षातून एकदा जाणारी रक्कम लॉकरचं भाडं असू शकते. जमेच्या बाजूला बारीक लाभांश दिसला तर कुठेतरी शेअर आहेत.

दुसरा मोठा धागा प्राप्तिकराचा. प्राप्तिकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र तसंही तुम्हालाच भरायचं आहे. तिथल्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, कोणत्या बँकेने किती व्याज दिलं हे नावानिशी येतं. घरात कोणी ऐकलेली नसेल अशी पतसंस्था किंवा बँकही तिथे सापडू शकते. दहा वर्षांहून जुन्या, विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. लॉकर सापडला तर किल्ली आहे म्हणून एकट्याने उघडायला जाऊ नका. बँकेच्या समक्ष, साक्षीदारांसह वस्तूंची यादी होऊ द्या.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफचे तीन वेगळे हक्क असतात आणि अनेकजण पहिलाच घेऊन थांबतात. साठलेली रक्कम नमुना २० वर, निवृत्तिवेतन नमुना १०-डी वर, आणि ईडीएलआय, म्हणजे पीएफबरोबर मिळणारा आयुर्विमा, नमुना ५-आयएफ वर. या विम्याची कमाल रक्कम ७ लाख आहे आणि त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीच कापलेलं नसतं, म्हणून पगारपत्रकात तो दिसत नाही. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं नोकरीची अट मृत्यूच्या बाबतीत लागू नाही. कार्यालयाने 'तीनच वर्षं झाली होती' म्हटलं तर हे दाखवून द्या.

रस्ता अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच जा.

प्रश्न : सातबारा आणि फ्लॅट नावावर करायला किती मुदत आहे?

सातबारासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) यांच्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज, दाखला आणि सर्व वारसांची नावं-पत्ते द्या. नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. बहिणींची नावं 'नंतर हक्कसोड करून घेऊ' म्हणत वगळू नका. आधी सगळ्या वारसांची नोंद, मग ज्याला सोडायचा त्याने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून हक्क सोडायचा. कोऱ्या कागदावरच्या संमतिपत्राने जमिनीतला हक्क सुटत नाही.

फ्लॅटच्या बाबतीत संस्थेतला नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो. भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव लागलं म्हणजे मालकी आली, असं नाही.

वाहनाचं काम लोक वर्षानुवर्षं ठेवतात. ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलायचं. विमाही बदलून घ्या. मृताच्या नावावरच्या पॉलिसीवर गाडी चालवत राहिलात आणि अपघात झाला तर दावा वादात सापडतो.

प्रश्न : मुलाच्या नावावर वैयक्तिक कर्ज होतं. वसुलीवाले मला फोन करतात. मी फेडायचं का?

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर स्वतःच्या खिशातून नाही. वारसाची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या संपत्तीपुरतीच असते. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला लेखी कळवा आणि कर्जाबरोबर विमा उतरवला होता का, हे त्याच पत्रात विचारा. कर्ज देताना हप्त्यात मिसळून हा विमा अनेकदा विकलेला असतो. फोनवर 'थोडे थोडे देतो' असं कबूल करू नका.

प्रश्न : मोबाइल, आधार, पॅन हे सगळं लगेच बंद करायचं ना?

मोबाइल सगळ्यात शेवटी. बँकेचे, विम्याचे, फंडाचे संदेश त्याच क्रमांकावर येतात आणि कुठे काय आहे हे त्यांतून उलगडतं. प्रीपेड असेल तर छोटा रिचार्ज चालू ठेवा. बराच काळ वापर नसला की कंपनी तो क्रमांक दुसऱ्याला देते. हा फोन वाचण्यासाठी ठेवायचा आहे, ओटीपी घेऊन पैसे वळवण्यासाठी नाही. आधारसाठी 'माय आधार' पोर्टलवर कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवण्याची सोय आहे, त्यासाठी दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा. मतदार यादीसाठी नमुना ७, शिधापत्रिकेसाठी तहसीलचा पुरवठा विभाग. पॅन मात्र शेवटचं विवरणपत्र भरून परतावा खात्यात जमा होईपर्यंत ठेवा. आधीच रद्द केलंत तर परतावा अडकतो.